हेज कोणती लावावी, किती अंतरावर, आणि ती खालून उघडी पडू नये म्हणून काय करावं?

नवाआळे (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. 18 मीटर लांबीच्या जाळीच्या कुंपणाला लागून हेज (कातरून राखलेली झुडपांची रांग) लावायची आहे. उंची दीड मीटर, पलीकडचं दिसू नये इतपत दाट. पहिल्या 12 मीटरवर दिवसभर ऊन, शेवटचे 6 मीटर मोठ्या झाडाच्या सावलीत. माती काळी, चिकण. जोराचा पाऊस पडला की पाणी दीड-दोन दिवस हलत नाही. रोपवाटिकेत पिवळा दुरांटा सुचवला आहे. पाहावी ती हेज वर गच्च हिरवी आणि खाली नुसत्या काठ्या, तेवढं टाळायचं आहे. कोणतं झाड, किती रोपं, एक ओळ की दोन, पहिली छाटणी कधी?

मुळाक्षर
खालच्या काठ्यांचा दोष झाडाच्या जातीकडे कमी आणि पहिल्या दोन वर्षांतल्या कात्रीकडे जास्त जातो. तरी आधी जात ठरवू.

पिवळा दुरांटा उन्हात सोन्यासारखा दिसतो, सावलीत हिरवा आणि विरळ होतो. म्हणजे तुमची 12 मीटर एका रंगाची आणि 6 मीटर दुसऱ्या रंगाची होणार. वाढ जोरात, त्यामुळे वाढीच्या दिवसांत दर तीन-चार आठवड्यांनी कातरणं आलं. फळं आणि पानं विषारी आहेत. नारिंगी मण्यांसारखी फळं लहान मुलांना खुणावतात. नियमित कातरलं तर फळ धरत नाही, पण एखादा हंगाम कात्री लागली नाही की धरतंच.

कडूमेंदी काटक. छाटापासून सहज येते, शेळ्या शक्यतो तोंड लावत नाहीत, खारी हवा सोसते. दोष एवढाच की आडव्या फांद्या जमिनीला टेकल्या की तिथेच मुळं धरतात आणि हेज हळूहळू रुंद होत जाते.

साधी मेंदी कोरड्या, हलक्या जमिनीला उत्तम. फांद्या जुन्या झाल्या की टोकं काट्यासारखी टणक होतात, म्हणून राखणीलाही चालते. तुमच्या पाणी साचणाऱ्या मातीत मात्र नको.

कुंती (रोपवाटिकेत कामिनी म्हणून मिळते) अर्धसावली चांगली सोसते, पान गर्द आणि बारीक, आकार नेटका धरते. वाढ सावकाश, हीच तिची किंमत आणि हाच तिचा फायदा. एक मोठी सूचना: लिंबू, संत्रं, मोसंबी जवळ असेल तर कुंती लावू नका. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कुंतीच्या कोवळ्या फुटव्यावर मजेत वाढते, आणि दर छाटणीनंतर तुम्ही तिला नवा कोवळा फुटवा पुरवत राहता.

करवंद राखणीसाठी सगळ्यात भारी. माणूस काय, जनावरही आत शिरत नाही. पण पहिली दोन वर्षं रांगत वाढतं, आणि बी ताजंच पेरावं लागतं, ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. कातरत राहिलात तर फळांची आशा सोडा.

टाळायच्या यादीत फायकस आधी. दाट होतो, झटकन होतो, आणि मुळं पाइपात नि भिंतीखाली जातात. बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याची हेज नकोच. शेराच्या झुडपाचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी, तिच्या फांद्या जाळायच्याही नसतात, धूर बाधतो. घाणेरी तर कुंपण सोडून सगळीकडे उगवते.

तुमच्या जागेला माझं मत: लिंबूवर्गीय झाड जवळ नसेल तर सगळी 18 मीटर कुंती. असेल तर कडूमेंदी. दोन जाती अर्ध्या-अर्ध्या लावू नका, वाढीचा वेग वेगळा असला की एक बाजू नेहमी दुसरीच्या पुढे पळते.

कातरवाला
जातीबद्दल मुळाक्षर यांना अनुमोदन. आता मोजमाप.

एक ओळ 30 सेंमी अंतराने: 18 मीटरला 61 रोपं. दोन ओळी, प्रत्येकीत 45 सेंमी अंतर, ओळींमध्ये 30 सेंमी, दुसऱ्या ओळीचं रोप पहिलीच्या दोन रोपांच्या मधोमध: 41 आणि 40 मिळून 81 रोपं. नजर अडवायची असेल तर नागमोडी दोन ओळीच. एखादं रोप मेलं तरी मागचं झाकून घेतं. सात-आठ रोपं जास्त घ्या आणि मोठ्या पिशव्यांत बाजूला वाढवत ठेवा. वर्षभराने जागा भरायची वेळ आली की त्याच वयाची, त्याच खेपेची रोपं हाताशी असतात. बाजारातून नंतर आणलेलं रोप पानाच्या रंगात हमखास वेगळं निघतं.

जाळीपासून ओळ किती लांब, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नंतर सगळे पस्तावतात. हेजची शेवटची रुंदी 75 सेंमी धरली तर तिचा निम्मा भाग, शिवाय मागून कात्री चालवायला निदान 40 सेंमी. म्हणजे हेजची मध्यरेषा जाळीपासून 75 ते 80 सेंमीवर. जाळीला चिकटून लावलेली हेज जाळीतून आरपार वाढते, तार खोडात रुतते, आणि मागची बाजू कधीच कातरली जात नाही.

फाटकाजवळ वाहन बाहेर काढायचं असेल तर दोन्ही बाजूंचे शेवटचे दोन-अडीच मीटर 75 सेंमीपेक्षा उंच होऊ देऊ नका.

ओलमाती
मातीबद्दल थांबा जरा. पुस्तकी सल्ला असा की 45 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल चर खणा आणि भुसभुशीत खत-मातीने भरा. मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत तो बरोबर आहे. चिकण काळ्या जमिनीत असा चर म्हणजे 18 मीटर लांबीचा हौद. चारी बाजूंनी घट्ट माती, मध्ये पोकळ भर. आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन बसतं. रोपं दोन महिने छान दिसतात, पहिल्या मोठ्या पावसानंतर पानं मलूल होतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणखी पाणी घालतात. मुळं तोवर कुजलेली असतात. उपटून पाहा: मुळाची साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी सुटते आणि आत पांढरी दोरी उरते.

यावर उपाय वरंबा. 90 सेंमी रुंदीची पट्टी फक्त 20-25 सेंमी खोल उकरा, खत मिसळा आणि आजूबाजूची वरची माती ओढून 20 सेंमी उंचीचा सपाट माथ्याचा गादीवाफा करा. बाजूला उताराच्या दिशेने नाली काढा, पाण्याला बाहेर जायला वाट हवी. वाळू मिसळायचा मोह टाळा. चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे वीटच तयार होते. निचरा सुधारतो तो कुजलेल्या खताने.

प्रमाण: पूर्ण कुजलेलं शेणखत पट्टीच्या लांबीला दर मीटरमागे दोन ते अडीच बादल्या (20 लिटरची बादली), म्हणजे 18 मीटरला साधारण 36 ते 45 बादल्या. अर्धवट कुजलेलं, हाताला गरम लागणारं खत घातलंत तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवीला आमंत्रण. माती वाफशावर (ओलसर, पण हाताला न चिकटणारी) असतानाच काम करा. ओल्या मातीत फावडं घातलं की ढेकळं वर्षभर फुटत नाहीत.

कातरवाला
गादीवाफ्याला पूर्ण अनुमोदन. लावतानाच्या दोन गोष्टी जोडतो.

पिशवी फाडल्यावर मुळं तळाशी गोल गुंडाळलेली दिसली तर तशीच लावू नका. धारदार चाकूने गोळ्याच्या तीन-चार बाजूंना उभा, बोटाच्या पेराएवढा खोल चरा द्या, तळाची गुंडाळी दोन सेंमी जाडीत सरळ कापून टाका. क्रूर वाटतं, पण न कापलेली मुळं जमिनीतही गोलच फिरत राहतात आणि तीन-चार वर्षांनी झाड हलवलं की डुगडुगतं.

पिशवीत माती जिथवर होती तिथवरच जमिनीत. खोड पाच सेंमी जरी जास्त पुरलं गेलं तरी चिकण मातीत बुंध्याची साल कुजते. लावल्यावर मातीवर पाय देऊन थोपटण्यापेक्षा पाणी सोडून माती बसवा.

दोनपानी
माझा प्रश्न छाटणीचा. रोप आधी दीड मीटर होऊ द्यावं आणि मग वरून सारखं करावं, असंच सगळे करतात ना? लावल्यावर लगेच कापलं तर वाढ मागे नाही का पडत?

मुळाक्षर
सगळे तसंच करतात, म्हणून तर सगळीकडे काठ्या.

शेंडा शाबूत असतो तोवर त्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि बुंध्याजवळचे डोळे (जिथून नवी फांदी फुटते ते कोंब) झोपून राहतात. शेंडा गेला की त्याच्या लगतचे डोळे जागे होतात. 'लगतचे' हा शब्द महत्त्वाचा. दीड मीटरवर कापलंत तर फुटवा एक मीटर तीस-चाळीस सेंमीच्या आसपास येणार; 20 सेंमीवर कापलंत तर बुंध्याशी. खालचा दाटपणा खालच्या कापानेच येतो, नंतर कितीही खत घाला.

क्रम असा. रोपं लावून दोन-तीन आठवडे झाले, नवी पालवी दिसली, म्हणजे मुळं धरली. आता दुरांटा, कडूमेंदी, मेंदी, जास्वंद जमिनीपासून 15-20 सेंमीवर सरसकट कापा. कुंतीला एवढं निर्दय होऊ नका, तिचा वरचा एक तृतीयांश काढा. त्यातून आलेला फुटवा 15-20 सेंमी झाला की तो निम्मा ठेवा. पुढे दर छाटणीला उंची फक्त आठ-दहा सेंमीने वाढू द्या. 20 सेंमीपासून दीड मीटरपर्यंत म्हणजे तेरा ते सोळा छाटण्या. दुरांट्याला दीड-दोन वर्षं, कुंतीला तीन किंवा जास्त. वाढ मागे पडते का? उंची मागे पडते, हेज नाही.

अपवाद सूचिपर्णींचा, म्हणजे थुजासारख्या झाडांचा. थुजाचा मधला शेंडा हवी ती उंची येईपर्यंत कापत नाहीत, फक्त बाजू हलक्या कातरतात. त्यांच्या जुन्या, पानं झडलेल्या लाकडातून पुन्हा फुटवा येत नाही. कात्री एकदा हिरव्याच्या आत गेली की तो खड्डा कायमचा.

हिरवीरेघ
आकाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खालून उघडं पडण्याचं दुसरं कारण सावली, तीही हेजची स्वतःचीच. उभ्या भिंतीसारखी कातरली तरी वरचा भाग जोरात वाढतो, काही महिन्यांत वर रुंद आणि खाली अरुंद होतो, म्हणजे हेज स्वतःच्या पायांवर छत्री धरते. खालची पानं उन्हाविना गळतात.

म्हणून पायथा रुंद, माथा अरुंद. दीड मीटर उंचीला पायथा 75 आणि माथा 50 सेंमी धरा. दोन्ही बाजू मिळून 25 सेंमी कमी करायचे, म्हणजे एका बाजूला साडेबारा, दर मीटर उंचीला आठ सेंमीच्या आसपास. हे नजरेने जमत नाही, अंदाज नेहमी उभ्या रेषेकडे सरकतो. लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्या: दीड मीटरची एक पट्टी, माथ्यावर तिला काटकोनात साडेबारा सेंमीचा तुकडा, आणि तुकड्याच्या टोकाला बांधलेला ओळंबा. पट्टी हेजच्या अंगाला टेकवायची, तुकडा बाहेरच्या बाजूला. ओळंब्याचं टोक पट्टीच्या पायाशी आलं की उतार बरोबर. ओळंबा पायापासून लांब बाहेर लोंबत असेल तर बाजू अजून सरळ उभी आहे, वरून आणखी घ्या.

माथ्यासाठी दोन टोकांना खुंट्या आणि मधे ताणून दोरी. 18 मीटरला दोरी मधे झोळ खाते, म्हणून दर पाच-सहा मीटरवर एक आधाराची खुंटी. जमीन उताराची असेल तर आधी ठरवा, माथा जमिनीला समांतर हवा की पाण्याच्या पातळीत. पातळीत हवा असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची खूण घ्या, गवंडी घेतात तशी.

बाजू कातरताना खालून वर. कातरलेलं बाहेर पडतं, पुढे काय कापायचंय ते दिसत राहतं. माथा शेवटी. प्रत्येक वेळी नव्या वाढीतला दोन-एक सेंमी शिल्लक राहतो, तो साठत जातो, म्हणून वर्षातून एकदा मूळ रेषेपर्यंत परत जायचं. हवी त्या उंचीच्या 10 सेंमी आधी थांबा, वरचा फुटवा कापाच्या खुणा झाकतो.

दोनपानी
वा, चौकटीची युक्ती आवडली. धागा वाचनखुणेत. विजेचं ट्रिमर घ्यावं की हातकात्री?

कातरवाला
18 मीटरला हातकात्री पुरते. ट्रिमर घेतलंत तर दातांमधली फट बघा, त्याहून जाड फांदी ते कापत नाही, चघळतं. पेन्सिलीइतक्या जाडीपर्यंत हेजकात्री, दोन सेंमीपर्यंत सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीकात्री), त्यापुढे लांब दांड्याचा लॉपर किंवा करवत. जास्वंदीसारखी मोठी पानं हेजकात्रीने अर्धी चिरली जातात आणि कडा तपकिरी पडतात. तिथे सिकेटरने एकेक फांदी पेराच्या वर कापलेली बरी.

कातरल्यावर दोन दिवसांत सगळ्या हेजवर तांबूस झाक आली तर रोग शोधू नका, पातं बोथट आहे. धार फक्त तिरप्या बाजूला, कारखान्यातून आलेल्या कोनातच. सपाट बाजूवर दगड एकदाच आडवा, आलेली कुस (धातूची बारीक कड) काढण्यापुरता. धार बरोबर आहे का हे पाहायला वर्तमानपत्राचा ओला कागद कापा. फाटला तर परत बसा. आणि मधला नट सैल असेल तर कितीही धार लावा, फांदी दोन पात्यांत दुमडतेच.

भर उन्हात कातरू नका. आतली कोवळी, सावलीत वाढलेली पानं एका दुपारीत करपतात. आदल्या दिवशी पाणी द्या. आणि कात्री घालण्याआधी फांद्या बाजूला करून घरटं नाही ना ते बघा.

पानगळ
आमच्या सोसायटीच्या दुरांट्यावर पिवळ्या शेवयांसारखे धागे पसरलेत. ओढून काढले की आठवड्यात परत. शिवाय वेगळ्या ठिकाणी नवी पानं पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या. दोन्हींचा संबंध आहे का?

ओलमाती
संबंध नाही.

शेवया म्हणजे अमरवेल. एकदा फांदीला चिकटली की तिचा जमिनीशी संबंध तुटतो, त्यामुळे मूळ शोधण्यात अर्थ नाही. ती शोषक मुळं थेट फांदीत घुसवते. वेल ओढली की ती तुकडे होऊन तुटते, आणि शोषक मुळांसकट राहिलेला तुकडा परत वाढतो. म्हणून वेल नाही, फांदी कापायची: शेवटचा वेढा जिथे दिसतो त्याच्याही वीतभर खाली. कापलेलं लगेच पिशवीत भरा, हेजवरून ओढत नेलं तर वाटेत पडलेला तुकडा नवीन ठिकाणी चिकटतो. कंपोस्टमध्ये टाकू नका. हे सगळं फुलं यायच्या आधी, कारण बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. पुढचा हंगामभर दर आठवड्याला फेरी मारा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही *नव्या* पानांत, म्हणजे लोह कमी. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र म्हटलं असतं. चुनखडीच्या जमिनीत किंवा भिंतीलगत सिमेंटचा राडा मातीत मिसळला असेल तिथे लोह असूनही मुळांना मिळत नाही. तात्पुरता उपाय: एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी फवारणी, 10-12 दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडालं तर तांबडे डाग निघत नाहीत, आधी झाकून घ्या. जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. स्वस्त ईडीटीए फवारायला ठीक, चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

हिरवीरेघ
जाता जाता किडीचं: फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. फवारणीआधी मुंग्या बघा. मुंग्याच त्यांना एका फांदीवरून दुसरीवर नेतात, राखतात आणि गोड चिकटा खातात. प्रादुर्भाव झालेले शेंडे कापून टाका, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि 1-2 मिली द्रवसाबण. तेल आधी साबणात घोटा, मग पाणी घाला, उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. दाट हेजमध्ये फवारा आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी कातरणी, मग फवारणी.

नवाआळे (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. लिंबू नाही, त्यामुळे कुंती, गादीवाफा, 81 आणि वर 8 रोपं, असं ठरवतोय. दोन शंका राहिल्या: ठिबक कसं टाकावं? सावलीतल्या 6 मीटरला वेगळं काही?

ओलमाती
इनलाइन ठिबक (नळीच्या आतच ड्रिपर बसवलेलं), ड्रिपर 30 सेंमीवर, दोन ओळींच्या मधून एकच नळी. चिकण मातीत ताशी 2 लिटरचा ड्रिपर घ्या; 4 लिटरवाल्याचं पाणी मुरण्याआधी वाहतं. 18 मीटरला 60 ड्रिपर, तासाला 120 लिटर. रोज थोडं देण्यापेक्षा बोट घालून पाच-सात सेंमीवर माती कोरडी लागली की एकदम भरपूर. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच-सात सेंमी जाड, बुंध्यापासून चार बोटं दूर.

सावलीतल्या टप्प्यात सावलीपेक्षा मोठ्या झाडाची मुळं जास्त त्रास देतात, तिथली माती आधी सुकते. त्या 6 मीटरला वेगळा व्हॉल्व्ह द्या. तिथली वाढ मागे राहील, म्हणून उन्हातली बाजू तिच्यासाठी थांबवा, तिला खत मारून पळवू नका. नत्र जास्त झालं की फुटवा लुसलुशीत येतो आणि मावा (रस शोषणारी कीड) आधी तिथेच बसतो.

पानगळ
आणखी एक. जुनी, खाली काठ्या झालेली हेज उपटूनच टाकावी लागते का? आणि मधेच एक झाड मेलं तर?

मुळाक्षर
नखाने बुंध्याची साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर उपटू नका. दुरांटा, मेंदी, कडूमेंदी वाढीचा हंगाम सुरू होण्याआधी जमिनीपासून 30 सेंमीवर सरळ कापता येतात. एवढा उघडेपणा चालणार नसेल तर या हंगामात फक्त एक बाजू मधल्या खोडापासून वीतभर ठेवून कापा, ती भरली की पुढच्या हंगामात दुसरी. सुरूचं झाड आणि थुजा मात्र अशा कापाने परत येत नाहीत.

मधल्या फटीत नवं रोप लावलं तर शेजारच्यांची मुळं त्याला उपाशी मारतात. लावायचंच तर दोन्ही बाजूंची मुळं फावड्याने उभी तोडून, खड्ड्यातली माती बदलून लावा. त्यापेक्षा शेजारच्या झाडाची खालची लवचीक फांदी दाबा: टोकापासून हातभर मागे, पेराच्या खाली दोन-तीन सेंमी साल तिरपी चिरा, तो भाग आठ-दहा सेंमी खोल पुरा, यू आकाराच्या तारेने खिळा, टोक काठीला बांधून उभं ठेवा. माती ओलसर राहिली पाहिजे. दुरांटा, कडूमेंदी दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात, कुंतीला जास्त लागतात. मूळ झाडाकडची फांदी एकदम तोडू नका. आधी निम्म्या जाडीपर्यंत कापा, दोन आठवडे पानं ताठ राहिली की उरलेली.